दारू सोडायची शपथ घेण्याआधी दवाखाना गाठा

पाडव्याला सकाळी दादाने आईच्या पायाला हात लावून शपथ घेतली. रात्री त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली, चहा बशीत सांडला, बनियन घामाने चिंब. दुसऱ्या दिवशी मोरीच्या दारात फिट आली. आम्ही कांदा शोधत होतो, कोणी चप्पल हुंगवत होतं. यातलं काहीच करू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी घालू नका आणि 108 ला फोन लावा. आम्ही त्याला मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर. शेवटच्या घोटानंतर 6 ते 8 तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधी कधी माणूस भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, घरच्यांना ओळखत नाही. ते बाहेरचं नाही, बाबाकडे नेऊ नका. यात जीव जातो, तडक भरती करा.

डॉक्टरांना खरं सांगा: रोज किती क्वार्टर, देशी की इंग्लिश, सकाळी उठल्याबरोबर लागते का, शेवटची कधी घेतली, आधी फिट आली होती का. वहिनीने लाजेपोटी निम्मंच सांगितलं होतं. थरथरीच्या गोळ्यांचा डोस यावरही ठरतो.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. रोज पिणाऱ्याच्या अंगात व्हिटॅमिन बी-1, म्हणजे थायमिन, अनेकदा फार कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी एका छोट्या दवाखान्यात दादाला नुसतं सलाईन लावून घरी पाठवलं होतं. म्हणून विचारा, “डॉक्टर, थायमिन दिलं का?” चालताना झोक जाणं, डोळे विचित्र फिरणं, बोलण्यात घोळ होणं दिसलं तर थांबू नका.

लिव्हर, शुगर, पोटॅशियम, मॅग्नेशियमच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घ्या. काळी शी, रक्ताची उलटी, पिवळे डोळे, फुगलेलं पोट, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि भाजीत गुपचूप दारू सोडवायची पावडर (डायसल्फिराम) कालवू नका, हात जोडून सांगते. त्यावर दारू प्याली तर बीपी पडून माणूस दगावू शकतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, त्याला सांगूनच द्यायचं.

नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे. कुठे जावं कळत नसेल तर 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. सुट्टी झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर थायमिनच्या गोळ्या चालू ठेवा. दादाच्या तळपायाला अजून मुंग्या येतात, त्या गोळ्या मी त्याच्या डब्यातच ठेवते.