डिस्क असो की पोस्टर, पैसे मोजण्याआधी उलटून बघा

सिनेमाच्या चाहत्यांसाठी विकायला ठेवलेल्या वस्तूची पुढची बाजू कायम देखणी असते. कामाची माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते. आधी ट्रेलर येतो, मग डिस्कची घोषणा, मग मर्यादित आवृत्ती, पोस्टर, बाहुल्या… या रांगेत उभं राहण्याआधी काय काय तपासायचं, ते क्रमाने बघू.

पायरी १: ट्रेलर कुणी टाकलाय?

‘पहिला अधिकृत ट्रेलर’ असं कुणीही लिहू शकतं. जुन्या सिनेमांतले तुकडे जोडून किंवा एआयकडून चित्रं करून घेऊन बनवलेले ‘कन्सेप्ट ट्रेलर’ भरपूर फिरत असतात. निर्माते किंवा वितरक यांच्या स्वतःच्या चॅनेलवर तो दिसत नसेल, तर खरा मानू नका. खरा असला तरी टीझर बाहेर पडतो तेव्हा बरेचदा संकलन चालूच असतं. त्यातलं एखादं दृश्य सिनेमात नसतं, संगीतही भलतंच असू शकतं. त्यामुळे नुसता ट्रेलर बघून डिस्कची आगाऊ नोंदणी करण्यात अर्थ नाही. सिनेमा बघा, पुन्हा बघावासा वाटला तरच पुढचं वाचा.

पायरी २: डिस्क कोणती आणि ती तुमच्याकडे चालेल का?

डीव्हीडी १९९६ साली आली, ब्ल्यू-रे २००६ मध्ये, आणि त्याहून जास्त बारकावे दाखवणारी फोर-के अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे २०१६ मध्ये. नव्या प्लेयरवर जुन्या डिस्क चालतात, उलट नाही. फोर-के डिस्क साध्या ब्ल्यू-रे प्लेयरमध्ये चालत नाही. गेम कन्सोलवर बघणाऱ्यांनीही जपून राहावं: प्लेस्टेशन ५ चं डिस्क ड्राइव्ह असलेलं मॉडेल फोर-के डिस्क वाजवतं, प्लेस्टेशन ४ चं प्रो मॉडेलसुद्धा वाजवत नाही.

मग रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते ठरवणारी खूण. डीव्हीडीसाठी जगाचे सहा मुख्य विभाग पाडलेले आहेत, ब्ल्यू-रेसाठी ए, बी आणि सी असे तीन. फोर-के डिस्कला रीजनच नाही, म्हणून लोक परदेशी आवृत्ती निर्धास्त मागवतात आणि इथेच फसतात. एकाच डबीत फोर-के आणि ब्ल्यू-रे अशा दोन डिस्क असतात, मुलाखती आणि पडद्यामागचे भाग बरेचदा ब्ल्यू-रेवर असतात, आणि त्या ब्ल्यू-रेला रीजन असू शकतो. म्हणजे सिनेमा चालतो, पण ज्यासाठी जास्त पैसे दिले ते बघता येत नाही. संगणकावर डीव्हीडी बघत असाल तर एवढं लक्षात ठेवा की ड्राइव्हचा रीजन साधारण पाचच वेळा बदलता येतो, नंतर तो कायमचा पक्का होतो.

पायरी ३: डबीची पाठ वाचा

आधी लांबी बघा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चित्रित होतो. पाल (भारत, युरोपातल्या टीव्हीची) पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी पळवतात, म्हणून १२० मिनिटांचा सिनेमा तिथे जेमतेम ११५ मिनिटांचा दिसतो. यात काही कापलेलं नसतं, नुसता वेग वाढलेला असतो. पण ब्ल्यू-रेवर लांबी कमी दिसली तर मात्र ती वेगळी काटछाट केलेली आवृत्ती असण्याची शक्यता धरा.

नंतर चित्राचं प्रमाण, म्हणजे उंचीच्या किती पट रुंदी. २.३९:१ प्रमाणाच्या सिनेमाच्या जुन्या डीव्हीडीवर ‘फुल स्क्रीन’ लिहिलेलं असेल, तर बहुधा दोन्ही बाजूंचं चित्र छाटलेलं असतं. ती घेऊच नका. उलट १९५० च्या आधीचा सिनेमा बहुधा १.३७:१ मध्ये असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर समाधान माना, कुणीतरी काम नीट केलंय.

‘रीमास्टर’ (नव्याने सुधारून काढलेली प्रत) या एकट्या शब्दाला मी फारशी किंमत देत नाही. ‘मूळ निगेटिव्हवरून फोर-के स्कॅन’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ठीक. २००० नंतरच्या दशकात डिजिटल पद्धतीने पूर्ण केलेले कितीतरी सिनेमे टू-के मध्येच, म्हणजे फोर-केपेक्षा कमी बारकाव्यांत, तयार झालेत. त्यांच्या फोर-के डिस्कवर रंग आणि उजेड सुधारलेला दिसेल, बारकावे मात्र फारसे वाढणार नाहीत. सबटायटलच्या भाषा आणि डिजिटल कोडची (सिनेमा ऑनलाइन मिळवण्यासाठी डबीत दिलेला कोड) मुदतही तिथेच छापलेली असते.

डिस्क हातात आली की सील फोडा आणि लावून बघा. सीलबंद ठेवण्याचा शौक असलेल्यांना हे पटणार नाही, पण परत करण्याची मुदत संपल्यावर बिघाड कळून उपयोग नाही. वापरलेली ब्ल्यू-रे घेताना खालची बाजू उजेडात तिरकी धरा. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून सुमारे ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्ल्यू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. वर टणक लेप असतो म्हणून सहसा चरे पडत नाहीत, पण खोल चरा पडलाच तर डीव्हीडीसारखं घासून, पॉलिश करून ती वाचवता येत नाही.

पायरी ४: पोस्टर खरं की नक्कल?

इथे घाई सर्वात महाग पडते. अमेरिकी चित्रपटगृहांत लागणारं ‘वन शीट’ पोस्टर १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साधारण २७ बाय ४१ इंचांचं असे, पुढे २७ बाय ४० झालं. ब्रिटिश ‘क्वाड’ आडवं असतं, ३० बाय ४० इंच. २४ बाय ३६ इंचांचं असेल तर ते बहुधा दुकानात विकण्यासाठीच छापलेलं. म्हणून मोजायची टेप घेऊनच जा.

१९८० च्या सुमारापर्यंत ही पोस्टर्स चित्रपटगृहांकडे घडी घालून पाठवली जात. म्हणून १९६० च्या दशकातल्या पोस्टरवर घड्या असणं हा दोष नाही, उलट एकही घडी नसेल तर चौकशी करा. त्या रेघेवरून बोट फिरवून बघा. नक्कल करणारे जुनं पोस्टर स्कॅन करतात तेव्हा घडीही छापली जाते: डोळ्यांना सुरकुती दिसते, बोटाला कागद सपाट लागतो.

भिंग असेल तर तळाशी असलेली कलाकार-तंत्रज्ञांची बारीक नावं तपासा. मूळ ऑफसेट छपाईत ही अक्षरं सहसा एकसंध शाईची आणि धारदार कडांची असतात. स्कॅनवरून काढलेल्या प्रतीत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली आणि कडांना विस्कटलेली दिसतात. त्याच कडेला जुन्या अमेरिकी पोस्टरवर ‘७५/११२’ अशा धाटणीचा आकडा आढळतो. पोस्टर वाटप करणाऱ्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा तो क्रमांक. पहिला भाग वर्ष, दुसरा अनुक्रमांक. आधी ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ते पुनःप्रदर्शनाचं पोस्टर.

१९९० नंतरची बरीच पोस्टर्स दुहेरी छापलेली असतात. मागे तेच चित्र उलटं आणि फिकट दिसतं, कारण मागून दिवा लावलेल्या पेटीत ती लावायची असत. हा चांगला पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. दुहेरी नकलाही निघाल्या आहेत.

पायरी ५: ठेवायचं कसं?

पोस्टर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. आम्लमुक्त पुठ्ठा आणि अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक वापरून फ्रेम करून घ्या, आणि कागद ॲक्रिलिकला टेकणार नाही एवढी फट ठेवायला सांगा. थेट ऊन नकोच. डिस्क उभ्या ठेवा, पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

बाहुल्या आणि मूर्तींचं थोडक्यात: पुढे विकायच्या असतील तर खोकं जपा, मांडून आनंद घ्यायचा असेल तर खोकं घडी करून माळ्यावर टाका.

आणि संग्रह वाढायला लागला की यादी करा. नाव, प्रकार, रीजन, आवृत्ती आणि सिनेमाची लांबी एवढे रकाने पुरेत. ही यादी फोनमध्ये असली की, तीच डिस्क नव्या वेष्टनात पुन्हा विकायला आली तर दुकानात उभ्या उभ्या कळतं.