बेलापूरहून बोट काढताना: आधी तिथी, मग इंजिन

स्वतःच्या मोटरबोटीने बेलापूरच्या खाडीतून घारापुरी किंवा मांडव्याला जायचं असेल, तर सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीरच होतो. हा झाला अंदाज. नेमकी वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्याच.

पहिल्या फेरीला दशमी-एकादशी निवडा. ते भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. दिवाळे गावच्या एका तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) मला सांगितलं होतं, "आज दशमी हाय ना? मंग साडेसातला पानी भरल. सातला सोर." सातला बोट सोडली की उथळ खाडी भरल्या पाण्यात पार होते. दुपारी पावणेदोनच्या आसपास ओहोटी संपते. परत खाडीत शिरायचं ते चारनंतर, पाणी चांगलं चढलं की. चढत्या पाण्यात बोट चिखलाला टेकली तर थोड्या वेळात आपसूक तरंगते. उतरत्या पाण्यात टेकली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच मुक्काम. वाघिवलीसमोर मी असे पाच तास तिरक्या बोटीत काढलेत, लेकीला मांडीवर घेऊन.

खाडीबाहेर पडलात की अटल सेतूखालून दक्षिणेला जायचं. उजवीकडे तुर्भे (मुंबईतलं ट्रॉम्बे) आणि पुढे जवाहर द्वीप. दोन्हीपासून लांब राहा, तिथे जायला मनाई आहे. डावीकडे न्हावा आणि जेएनपीए बंदर. मोठ्या जहाजाला पटकन थांबता येत नाही की वळताही येत नाही, म्हणून त्याचा मार्ग काटकोनात आणि त्याच्या मागून ओलांडा. बंदरातून बाहेर जाताना लाल बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला, हिरवा डाव्या. आत येताना उलट.

लाइफ जॅकेट बोटीत ठेवून उपयोग नाही, ते अंगावर हवं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीच्या अपघातात किती माणसं गेली, ते आपण पाहिलंय. व्हीएचएफ रेडिओ संकटाची हाक द्यायच्या चॅनेल १६ वर चालू ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. नोंदणीचे आणि विम्याचे कागद बोटीतच ठेवा.

आता देखभाल. आपल्या खाडीत सगळ्यात जास्त त्रास प्लास्टिकच्या पिशव्यांचा. पिशवी पाणी ओढायच्या तोंडावर बसली की इंजिन तापतं आणि कोरड्या पंपात इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) रबरी पाती मिनिटा-दोन मिनिटांत फाटतात. इंजिन सुरू केलं की थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडतेय का, हे आधी बघा. धार बारीक झाली की लगेच इंजिन बंद, मग गाळणी उघडा. जादा इम्पेलर आणि तो बसवायचं सामान बोटीत हवंच, आणि तो बदलायची सवय धक्क्यावर करून ठेवा. लाटांत हलणाऱ्या बोटीवर पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

परत आल्यावर आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा. नांगराच्या साखळीचा चिखल वाळायच्या आत धुवा. बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) तरंगता स्विच हाताने उचलून पंप चालू होतो का, ते बघा. डिझेलच्या फिल्टरखालच्या वाटीत पाणी साठलं असेल तर काढून टाका.

जस्ताचे ॲनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे तुकडे) अर्धे झिजले की बदला. पैसे वाचवायला ते तसेच ठेवले तर गंज पंख्याला (प्रोपेलरला) आणि त्याच्या शाफ्टला लागतो. मे संपायच्या आत बोट पाण्याबाहेर घ्या. पावसाळ्यात आच्छादनाखाली हवा खेळती राहू द्या, नाहीतर आतलं लाकूड बुरसतं. तळाला चिकटलेले शंख-शिंपले बोट वर आल्याबरोबर, ओले असतानाच खरवडा. वाळले की तेच काम दुप्पट. नवीन अँटीफाउलिंग रंग (तळाला शंख-शिंपले चिकटू न देणारा) मात्र आता लावू नका. तो ऑक्टोबरमध्ये, बोट परत पाण्यात सोडायच्या तोंडावर.