जुनी गाडी आणि एअरबॅगचा दिवा: या चुका टाळा

विकणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं. "तो दिवा ना, नुसता सेन्सरचा आहे. त्याने गाडीला काही होत नाही." आणि गाडीला खरंच काही होत नाही. इंजिन चालतं, एसी चालतो, पिकअपही कमी होत नाही. फरक पडतो तो फक्त धडक बसल्यावर, आणि तोही आत बसलेल्याला. एअरबॅगचा हा दिवा पेटलेला राहिला असेल तर मॉड्यूलला, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, यंत्रणेत दोष सापडलेला असतो. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत ते यंत्रणेचा काही भाग किंवा सगळी यंत्रणाच बंद ठेवतं. बॅग उघडेल की नाही याचा भरवसा उरत नाही. धडकेच्या क्षणी सीटबेल्ट खेचून घट्ट करणारा प्रीटेन्शनरही याच यंत्रणेवर चालतो, त्यामुळे "एअरबॅग नसली तरी बेल्ट आहे ना" हे समाधानही अर्धंच.

तरीही जुनी गाडी बघताना मला पेटलेल्या दिव्याची फारशी धास्ती वाटत नाही. त्या गाडीने निदान दोष कबूल तरी केलेला असतो. धास्ती वाटते ती ज्या गाडीत दिवा कधीच पेटत नाही तिची.

दिवा दिसला नाही म्हणून खूश होऊ नका

चावी फिरवून इग्निशन ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. पुश बटणवाली गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबा. मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटायला हवा, काही सेकंद राहायला हवा आणि मग आपोआप विझायला हवा. बहुतेक गाड्यांत हे पाच-सात सेकंदांत उरकतं. दिवा पेटलाच नाही तर एक तर तो उडालाय, नाही तर कोणीतरी काढलाय किंवा आतून काळी टेप मारलीय.

यापेक्षा हुशार जुगाड म्हणजे एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या किंवा बॅटरी चार्जिंगच्या दिव्याला जोडून टाकणं. चावी फिरवली की दोन्ही पेटतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात, आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. हे पकडणं सोपं आहे. इंजिन बंदच ठेवून नुसती इग्निशन ऑन ठेवा आणि थांबा. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलाच राहतो. एअरबॅगचा मात्र त्याच्या त्याच्या वेळेला विझायला हवा. तो ऑइलच्या दिव्याच्या जोडीनेच विझत असेल तर मीटर उघडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. बॅग एकदा फुटून गेलेली असते, तिच्या जागी कनेक्टरमध्ये दोन-तीन ओहमचा एक छोटा रेझिस्टर बसवतात आणि वरून कव्हर चिकटवतात. मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे. दिवा शहाण्यासारखा पेटतो, शहाण्यासारखा विझतो, आणि मॉड्यूलमधले दोष वाचणारा स्कॅनरही "सगळं ठीक" म्हणतो. इथे यंत्र उपयोगी पडत नाही, डोळेच कामाला लावावे लागतात. स्टीअरिंगच्या मधल्या कव्हरचा रंग आणि पोत बाकी प्लास्टिकशी जुळतो का? डॅशबोर्डवर प्रवाशाच्या बाजूला जोड, फुगवटा किंवा नवं रेक्झिन दिसतं का? पुढच्या काचेवर छापलेली तारीख बाकी काचांपेक्षा वेगळी आहे का? प्रवाशाची बॅग उघडताना ती काच बऱ्याचदा फोडते. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्यावर सहसा शिवलेलं लेबल असतं आणि त्यावर बनवल्याची तारीख. गाडी जुनी आणि पुढचे दोनच बेल्ट नवे असतील तर "का बदलले?" एवढं विचारा आणि उत्तर देतानाचा चेहरा बघा.

आधी कोड पुसायची घाई

पेटलेला दिवा घेऊन लोक गॅरेजमध्ये जातात आणि पहिलं वाक्य टाकतात, "एवढा दिवा घालवून द्या." मेकॅनिक कोड, म्हणजे मॉड्यूलमधली दोषाची नोंद, पुसतो, दिवा जातो, आणि काही दिवसांत परत येतो. दरम्यान दोषाचा एकमेव पुरावा पुसला गेलेला असतो. आधी कोड वाचा, कागदावर लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. कोड सध्याचा आहे की इतिहासातला, हेही बघा. इतिहासातला असेल तर लूज कॉन्टॅक्टचा संशय वाढतो.

मोबाइलला जोडायच्या स्वस्त अडॅप्टरवर इथे विसंबू नका. त्यातले बहुतेक फक्त इंजिनाचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड सहसा 'बी'ने सुरू होतात आणि ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतात. त्या अडॅप्टरने "एकही दोष नाही" म्हटलं तर त्याने एअरबॅगच्या मॉड्यूलला काही विचारलेलंच नसतं. बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवण्याचा उपायही सहसा चालत नाही. हे कोड वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत राहतात.

कोडमध्ये नाव आलं म्हणून तोच पार्ट बदलणं

पैसा सगळ्यांत जास्त इथेच वाया जातो. "ड्रायव्हर एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स जास्त" असा कोड आला की लोक एअरबॅग शोधायला निघतात. पण कोड बोलतो सर्किटबद्दल. त्या सर्किटमध्ये बॅग आहे, कनेक्टर आहेत, वायरिंग आहे आणि क्लॉक स्प्रिंग आहे. बॅग स्वतः क्वचितच बिघडते. क्लॉक स्प्रिंग मात्र बिघडते.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टीअरिंगच्या मागे गोल डबीत गुंडाळलेली चपटी, रिबनसारखी केबल. चाक डावीकडे वळलं की ती सुटते, उजवीकडे वळलं की गुंडाळली जाते, किंवा उलट. वर्षानुवर्षं हे चालल्यावर रिबनच्या आतली तार एखाद्या घडीवर तुटते. याची खूण सोपी आहे. एअरबॅगच्या दिव्याबरोबर हॉर्न अधूनमधून वाजत नसेल, किंवा स्टीअरिंगवरची आवाजाची, क्रूझची बटणं कधी चालत आणि कधी बंद पडत असतील, तर आधी संशय तिच्यावरच घ्या. ही सगळी कनेक्शनं सहसा त्याच डबीतून जातात. स्टीअरिंग वळवताना आतून खसखस आवाज येत असेल तर संशय आणखी पक्का.

नवी बसवतानाही घोटाळा होतो. पुढची चाकं सरळ ठेवायची आणि डबी मधोमध सेट करायची, मगच बसवायची. हे न करता बसवली तर पहिल्याच पूर्ण वळणात रिबन ताणून तुटते, आणि दोष "डुप्लिकेट पार्ट"च्या नावावर जातो.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे पुढच्या सीटखालचे कनेक्टर. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे कनेक्टर पिवळे असतात, वायरवरचं आवरणही बऱ्याचदा पिवळं असतं. सीट पुढेमागे केली, व्हॅक्यूमचा पाइप आत घातला, खाली पडलेली बाटली ओढून काढली, की ते हलतात. "गाडी धुऊन आणली आणि दिवा लागला" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते. पावसाचं पाणी कार्पेटखाली साचलं असेल तर पिना हिरव्या पडतात. मग कनेक्टर नुसता दाबून भागत नाही, पाणी आत कुठून येतंय तेही शोधावं लागतं.

बॅटरी मेलेली असताना जम्प स्टार्ट केल्यावर लागलेला दिवाही बऱ्याचदा कमी व्होल्टेजचा असतो. आधी बॅटरी आणि चार्जिंग नीट करा, मग कोड बघा.

घरच्या घरी कुठवर हात घालावा

कोड वाचणं, सीटखाली टॉर्च मारून बघणं, फ्यूज तपासणं, इथवर ठीक आहे. इग्निशन ऑन ठेवून पिवळे कनेक्टर काढू किंवा लावू नका. आधी इग्निशन बंद, मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि थांबा. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये वीज साठवलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. काही कंपन्या 90 सेकंद सांगतात, काही 3 मिनिटं, काही त्याहून जास्त. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली वेळच खरी.

एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. बॅग पेटवायला फार थोडा करंट पुरतो, आणि ती उघडायला सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतो. हात मागे घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही.

कनेक्टर कापून वायरी थेट पिळून किंवा सोल्डर करून टाकण्याची गॅरेजची सवयही इथे महागात पडते. त्या कनेक्टरच्या आत एक छोटी पट्टी असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना आपसात शॉर्ट करते, म्हणजे स्थिर विजेने बॅग चुकून फुटू नये. कनेक्टर कापला की ती सोयही गेली.

"दिवा लागलाय, म्हणजे बॅग बंदच आहे"

या समजुतीवर काही जण लहान मुलाची मागे तोंड असलेली सीट पुढे बसवतात. दिवा लागलेला असताना बॅग उघडेलच असं नाही, तसं उघडणारच नाही असंही नाही. ती सीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नसते. प्रवाशाची बॅग बंद असल्याचा दिवा वेगळा असतो, सहसा डॅशबोर्डच्या मधे किंवा आरशाजवळ. दोन्ही दिव्यांची गल्लत करू नका.

उलट बाजूची समजूतही आहे: दिवा विझलाय, म्हणजे बॅग चांगली आहे. मॉड्यूल फक्त सर्किट तपासतं. बॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधलं रसायन कसं आहे हे त्याला कळत नाही. टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने खराब होत गेलं, आणि उघडताना धातूचे तुकडे उडून लोक मेले. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्या दोषासाठी एकाही गाडीत दिवा लागला नाही. जुनी गाडी घेण्याआधी 17 अक्षरांचा चासिस नंबर गाडीच्या कंपनीच्या रिकॉलच्या (परत मागवलेल्या गाड्यांच्या) यादीत तपासा. रिकॉलचं काम कंपनी सहसा फुकट करून देते.

जुन्या बाजारातून बॅग

घेऊ नका. ती पुरात बुडालेल्या गाडीची आहे की नकली, हे वरून कळत नाही आणि फोडून बघता येत नाही. बॅग फुटलेल्या गाडीत मॉड्यूलमध्येही धडकेची नोंद राहते. अनेक कंपन्या अशा वेळी मॉड्यूल बदलायलाच सांगतात, आणि फुटलेले प्रीटेन्शनर तर बदलावेच लागतात. फक्त बॅग बदलून "काम पक्कं केलंय" सांगणाऱ्याला या दोन गोष्टींची बिलं मागा.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना जुना पार्ट बघायला मागा आणि कोड पुसण्याआधीचा व नंतरचा स्कॅन जोडून घ्या. मग इंजिन सुरू करून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, दोन्ही सीट पुढेमागे सरकवा, बेल्ट लावा आणि काढा, हॉर्न वाजवा. गाडी बंद करून पुन्हा इग्निशन ऑन करा आणि दिवा पेटून आपोआप विझतो का ते बघा. परत लागायचा असेल तर तो गॅरेजच्या दारातच लागलेला बरा, बिल चुकतं करण्याआधी.