एमपीटीला न्यूरो घेताय? मग हे वाचा

इंटर्नशिप संपत आली की आमच्याकडे एकच विषय चालतो: मास्टर्स करायचं, क्लिनिक टाकायचं, की परदेशाच्या मागे लागायचं? मी एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या मास्टर्सला, न्यूरो (मेंदू आणि मज्जासंस्थेचे रुग्ण) घेतलं. आता शेवटच्या वर्षाला आहे. ज्युनिअर्स जे जे विचारतात ते एकदाच लिहून टाकते.

प्रवेशाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राज्याचा सीईटी सेल पीजीपी-सीईटी ही प्रवेश परीक्षा घेतो, अभ्यास बीपीटीएचचाच, म्हणजे पदवीचाच. खरी चौकशी करायची ती कॉलेजची. स्ट्रोकचा (पक्षाघाताचा) रुग्ण आयसीयूपासून ओपीडीपर्यंत बघायला मिळतो का? गाईडकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात? स्टायपेंड मिळतो का, आणि मिळत असला तर वेळेवर येतो का? हा शेवटचा प्रश्न ऑफिसात नाही, सिनिअरला विचारा.

ब्रँचचं म्हणाल तर मस्क्युलोस्केलेटल (हाडं, सांधे, स्नायू) आणि स्पोर्ट्सला गर्दी असते, आणि त्यात चूक काही नाही. कंबर धरलेला माणूस थोड्याच दिवसांत ‘बरं वाटतंय’ म्हणतो, शेजाऱ्यालाही घेऊन येतो. न्यूरोत महिनाभर घाम गाळून बोटं जराशी उघडली, तर तेवढ्यावर आपण खूश व्हायचं असतं. आणि नातेवाईक मागून विचारणार, ‘मशीन कधी लावणार?’ हे रोज हसून झेपणार असेल तरच इकडे या.

पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पलंगाशेजारच्या कामाने. उजवी बाजू गेलेल्या माणसाला घरचे उठवतात ते लुळ्या हाताला धरून ओढत. आधीच सैल पडलेला खांदा त्याने आणखी दुखावतो, आणि मग दुखणाऱ्या हाताला कुणी हात लावू देत नाही. म्हणून मी आधी बायकोला किंवा मुलाला शिकवते: एक हात खांद्याच्या फऱ्याखाली, दुसरा कमरेला, गुडघे वाकवून कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडून बसतं करायचं. बसल्यावर हात लोंबकळत ठेवायचा नाही, खाली उशी द्यायची. याला ना मशीन लागतं ना पैसा. पण चार वेळा स्वतःच्या हाताने करून घेतल्याशिवाय कुणालाच येत नाही, ऐकून तर नाहीच.

दुसरी गोष्ट मोजमापाची. बीपीटीएचला आपण स्केलची नावं पाठ करतो, एमपीटीला ती रोज वापरावी लागतात. स्नायूंच्या ताठरपणाला मॉडिफाइड ॲशवर्थ, तोलाला बर्ग. बर्गमध्ये 14 कृती, एकूण गुण 56. खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, जागच्या जागी पूर्ण फिरणं, असं सगळं त्यात आहे. माझ्या एका रुग्णाचे गुण छान वाढले होते. मी त्यांना कागद दाखवला, तर काका म्हणाले, ‘ते असू द्या मॅडम. पंगतीत मांडी घालून बसता येईल का? आणि बसलोच तर उठता येईल का?’

बर्गच्या 14 कृतींत जमिनीवर बसून उठणं कुठेच नाही. आमच्या ओपीडीत येणाऱ्या निम्म्याशिम्म्यांचं जेवण, झोपणं, शौच, पूजा, शेतातली निंदणी सगळं जमिनीलगत चालतं. मग आम्ही तेच धरलं. आधी एका बाजूला रेलून बसणं, तिथून दोन्ही गुडघ्यांवर, चांगला हात समोरच्या स्टुलावर, चांगला पाय पुढे रोवून उठणं. सुरुवातीला दोघं धरायला लागायचे. स्केलला नावं ठेवायची गरज नाही, ती पडण्याचा धोका सांगतात आणि त्यासाठी हवीतच. पण पहिल्याच दिवशी ‘घरी गेल्यावर काय करायचंय?’ हे विचारून केस शीटवर लिहून ठेवा. केस प्रेझेंटेशनला एक्स्टर्नल परीक्षकही तेच खोदून विचारतात.

माझा प्रबंधही यातूनच सुचला. प्रबंधाबद्दल एक कळकळीचं सांगणं: सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), एथिक्स कमिटी आणि सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतली) नोंदणी यांना गृहीत धरता त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी हवी. 2018 पासून मागाहून नोंदणी घेतच नाहीत. आणि गावाकडचे रुग्ण पेरणी आली, लग्न निघालं की येणं बंद करतात. नमुना ठरवतानाच गळतीचा हिशोब धरा. सहा आठवड्यांचा कार्यक्रम कागदावर सुबक दिसतो, एसटीच्या वेळापत्रकात तो बसतो का ते आधी बघा.

पुढचं काय, हे घरचेही विचारतात. वर्गातले काही जण इंग्लंडच्या एचसीपीसी नोंदणीची (तिथे काम करायला ती लागते), काही अमेरिकेच्या एनपीटीई या परवाना परीक्षेची तयारी करताहेत. अमेरिकेत आता पहिली पदवीच डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) असल्यामुळे आपल्या अभ्यासक्रमाची कागदपत्रं तपासून घेण्यातच बराच काळ आणि पैसा जातो. जायचं असेल तर गुणपत्रिका आणि विषयवार तासांचे दाखले कॉलेज सोडण्याआधीच काढून ठेवा.

मला तालुक्याच्या गावी बसायचंय. स्ट्रोकचा रुग्ण शहरातल्या रुग्णालयातून घरी सोडला की पुढचे महत्त्वाचे महिने त्याला बघायला तिथे बहुतेक कुणी नसतं. एक मोठी खोली, खाली गाद्या, भिंतीला आडवा दांडा, आणि आठवड्यातले दोन दिवस घरोघरी फेरी, एवढ्यावर सुरू करता येईल असा माझा अंदाज आहे. फी किती ठेवायची यावर मात्र बाबांशी अजून वाद चालू आहे.