बॅटरीचा मीटर डेस्कटॉपवर: टक्क्यांशेजारी वॉटही दाखवा

पॅनेलवरचं बॅटरीचं चिन्ह टक्के सांगतं. पण उरलेले ४० टक्के किती वेळ पुरतील, हे लॅपटॉप त्या घडीला किती वॉट ओढतोय यावर ठरतं. म्हणून डेस्कटॉपवर छोटा मीटर बसवायचा तर त्यात टक्के, वॉट आणि बॅटरीची तब्येत असे तीन आकडे हवेत. लिनक्सवर हे काम कॉन्की, म्हणजे डेस्कटॉपवर सिस्टिमचे आकडे दाखवणारा छोटा प्रोग्राम, उत्तम करतो. बहुतेक डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या) रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भांडारात, तो मिळतो.

आधी बॅटरीचं नाव शोधा. ‘सिस’मधल्या ‘क्लास’ फोल्डरात ‘पॉवर_सप्लाय’ उघडा. तिथे सहसा ‘बॅट०’ दिसतं, काही मशिनवर ‘बॅट१’. मीटर चालू होऊनही आकडा येत नसेल, तर आधी हे नाव तपासा. (इथली सगळी नावं इंग्रजीत टाइप करायची आहेत, बॅटरीचं नाव कॅपिटल अक्षरांत, बाकीची स्मॉल.)

टक्क्यांसाठी कॉन्कीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘बॅटरी_पर्सेंट’ आणि पट्टीसाठी ‘बॅटरी_बार’ वापरा, दोन्हींपुढे बॅटरीचं नाव द्या. वॉटसाठी ‘एक्झेकआय’ने (ठरावीक सेकंदांनी एखादी कमांड चालवणाऱ्या सोयीने) बॅटरीच्या फोल्डरातली ‘पॉवर_नाऊ’ ही फाइल वाचा. तिच्यातला आकडा मायक्रोवॉटमध्ये असतो, म्हणून १०,००,००० ने भागा. काही लॅपटॉपवर ही फाइलच नसते. तिथे ‘करंट_नाऊ’ आणि ‘व्होल्टेज_नाऊ’ असतात, त्यांचा गुणाकार करा. दोन्ही मायक्रोमध्ये असल्याने गुणाकाराला १० लाखांनी दोनदा भागायचं. एकदाच भागलं तर मीटर कोटीच्या घरात वॉट दाखवतो.

तब्येत म्हणजे ‘एनर्जी_फुल’ भागिले ‘एनर्जी_फुल_डिझाइन’. ५० वॉट-तासांची बॅटरी आता पूर्ण भरून ४२ वरच थांबत असेल, तर तब्येत ८४ टक्के. पॅनेलवर मात्र तेव्हाही १०० टक्केच दिसतात, कारण ते टक्के आजच्या क्षमतेचे असतात, मूळच्या नव्हे. जुन्या लॅपटॉपवर गोंधळ होतो तो इथेच. ‘एनर्जी’च्या फाइली नसतील तर ‘चार्ज’ने सुरू होणाऱ्या जोडीवर हेच गणित करा.

उरलेल्या वेळेचा आकडा सतत उड्या मारतो. २१ वॉट-तास शिल्लक आणि ओढ १०.५ वॉट, तर दोन तास. व्हिडिओ लावला, ओढ २१ वॉटवर गेली, की एकच. मीटर बिघडलेला नसतो. निदान दहा मिनिटांची ओढ बघून मगच वेळेचा अंदाज बांधा.

‘अपडेट_इंटरव्हल’ (मीटर किती वेळाने ताजा व्हावा ते) ३० सेकंद ठेवा. दर सेकंदाला फाइली वाचून आणि पडदा रंगवून मीटर स्वतःच बॅटरी खायला लागतो, आणि टक्के काही दर सेकंदाला बदलत नाहीत. ‘इफ_मॅच’ ही अट लावून २० टक्क्यांखाली पट्टी लाल करा. लाल होण्याची मर्यादा सिस्टिम आपोआप झोपी जाते त्या टक्क्यांपेक्षा बरीच वर हवी, नाहीतर इशारा दिसेपर्यंत पडदा काळा झालेला असतो. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर) मीटर मनाजोग्या कोपऱ्यात बसत नसेल, तर एक्स११ या जुन्या यंत्रणेच्या सेशनमध्ये चालवून पाहा.

चार्जर लावलेला असूनही स्थिती ‘डिस्चार्जिंग’ दिसली, तर चार्जर कमी वॉटचा आहे का बघा, केबलही बदलून पाहा. ‘नॉट चार्जिंग’ दिसलं आणि आकडा ८० च्या आसपास अडकला असेल, तर बहुधा चार्जिंगची मर्यादा लावलेली असते. तो दोष नाही. आणि २० टक्क्यांवरून लॅपटॉप एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी एकदा पूर्ण भरून सलग वापरात उतरू द्या. त्यानंतरही तेच झालं, तर बॅटरी बदलायला झाली आहे.