यंदा मृगाआधी बांध पेटवू नका

रोहिणी लागली की बांध पेटवायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. काडीकचरा जळून गेला की शेत कसं स्वच्छ दिसतं. यंदा तेवढं एक थांबवा, हे अगदी कळकळीचं सांगणं आहे.

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या एखाद्या देवराईत ऐनाच्या बुंध्याशी बसा आणि पाचोळा हाताने बाजूला करा. वर कुरकुरीत पानं, त्याखाली जाळी पडलेली अर्धवट कुजलेली, त्यांत बुरशीचे पांढरे धागे आणि तळाशी काळी भुसभुशीत माती. भर उन्हाळ्यातही ती बोटाला गार लागते. तिथे कधी कुणी खताची गोणी नेलेली नाही. मुळांनी खोलवरून ओढलेली अन्नद्रव्यं पानांतून परत खाली येतात. गांडुळं, वाळवी, बुरशी त्यांचं खत करतात. काही बुरशा तर थेट मुळांशी जोडलेल्या असतात. त्या झाडाला स्फुरद आणि पाणी मिळवून देतात आणि झाडाकडून साखर घेतात.

हाच थर आपण काडी लावून संपवतो. नत्र हवेत उडून जातं. उरलेली राख पहिल्या जोराच्या पावसात मातीसकट ओढ्याला लागते. त्र्यंबक भागातली अशी माती गोदावरीतून गंगापूर धरणात गाळ होऊन बसते.

म्हणून आता खड्डे घ्या, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे. वरची माती वेगळी काढा, खड्डा उन्हात तापू द्या. भरताना तीच माती, दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि आपल्याच बांधावरच्या जुन्या झाडाखालची ओंजळभर माती घाला. देवराईतून मात काही आणू नका. तिथला पाचोळा तिथल्याच झाडांचा आहे.

पेठ, सुरगाण्यात जांभूळ, हिरडा, मोह, करंज लावा. येवला, नांदगाव, सिन्नरला कडुलिंब, बोर, बाभूळ तग धरतात. करंज आणि बाभूळ मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही देतात. एकाच जातीची रांग नको, एक कीड आली तर सगळी रांग जाते. जांभळाचं बी फळ खाल्ल्यावर लगेच मातीत घाला, वाळलं की उगवत नाही. निंबोळीही फार दिवस ठेवू नका.

द्राक्षवाल्यांनी मोठी झाडं वेलींच्या ओळींपासून निदान वीस फूट लांब ठेवावीत, नाहीतर मुळं पाणी ओढतात आणि सावली पडते. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. झाडावरून झालेलं भांडण शेवटी झाडाच्याच मुळावर येतं.

भातवाल्यांना एक विनंती: राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐनाच्या फांद्या छाटू नका. गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपं चांगली येतात.

लागवडीनंतर आळ्यात चार बोटं पाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, म्हणजे वाळवी खोडाला लागणार नाही. दिवाळीनंतर तो उचलून बघा. खाली माती ओली असेल, तर पाणी दोन-चार दिवस उशिरा दिलं तरी चालेल.