टेबलटॉप मिनिएचरसाठी खजिन्याचा पेटारा कसा घडवावा

टेबलटॉप खेळांची मिनिएचर, म्हणजे टेबलावर मांडायच्या छोट्या बाहुल्या, बहुधा 28 किंवा 32 मिलिमीटर मापाची असतात; त्यांच्या शेजारी ठेवायचा पेटारा इथे संगणकावर घडवून थ्रीडी प्रिंटरवर छापायचा आहे. 28 मिलिमीटरच्या मापात माणूस साधारण साठ पटींनी लहान होतो, त्यामुळे 90 सेंटिमीटर रुंदीचा पेटारा अवघा 15 मिलिमीटरचा होतो आणि त्याच्या दोन फळ्यांमधली 3 मिलिमीटरची फट 0.05 मिलिमीटरवर येते. एवढी बारीक फट रेझिन प्रिंटमध्ये (द्रव रेझिन थराथराने घट्ट करून केलेल्या छपाईत) उमटली, तरी प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी लावायच्या अस्तराच्या, पहिल्याच थराखाली बुजते. म्हणून खऱ्या वस्तूची मापे जशीच्या तशी न उतरवता, हातभर अंतरावरून काय दिसायला हवे ते आधी ठरवून तेवढेच ठळक करावे.

आधी आकार पक्का करावा. मॉडेल एकाच काळ्या रंगात पाहिले, तरी गोलसर झाकणामुळे तो पेटाराच आहे हे कळले पाहिजे. ते कळत नसेल, तर वरच्या नक्षीकामाचा काहीही उपयोग होत नाही. त्यानंतर फळ्यांमधल्या फटी सुमारे 0.4 मिलिमीटर रुंद व 0.3 मिलिमीटर खोल कोराव्यात, लोखंडी पट्ट्या पृष्ठभागापासून तितक्याच उचलाव्यात आणि कुलूप प्रमाणापेक्षा सरळ दुप्पट मोठे करावे. लाकडाच्या शिरा मात्र प्रत्येक फळीवर दोन-तीनच असाव्यात, कारण पातळ रंग खोबणीत साचतो आणि कोरडा ब्रश उंचवट्यांवर लागतो. सगळीकडे सारखेच कोरकाम असेल, तर नजर कुठेच ठरत नाही. झीज दाखवायची असेल, तर ती वापराच्या जागीच दाखवावी: झाकण उचलताना हात लागतो ती कड गुळगुळीत झालेली, आणि कुणीतरी पहारीने उचकटलेला कोयंडा एका बाजूला वाकलेला. मला स्वतःला हा वाकलेला कोयंडा शंभर रिव्हेटांपेक्षा मोलाचा वाटतो.

झाकणावरची मेणबत्ती प्रमाणात घडवली, तर ती जेमतेम 0.4 मिलिमीटर जाडीची होते आणि सपोर्ट (छपाईत मॉडेलला आधार देणाऱ्या काड्या) काढतानाच मोडते. ती किमान 1.2 मिलिमीटर ठेवावी. कड्या आणि साखळ्या अधांतरी न सोडता पेटाऱ्याच्या अंगात अर्ध्या रुतवाव्यात.

फाइल बाहेर काढताना एसटीएलमध्ये (थ्रीडी मॉडेलच्या फाइलचा प्रकार) मापाचे एकक साठवले जात नाही हे लक्षात ठेवून स्लायसरमध्ये (छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रुंदी तपासावी, मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी कुठेही उघडी नाही याची खात्री करावी आणि मॉडेल तिरके ठेवून सपोर्ट तळाला व मागच्या बाजूला द्यावेत. फिलामेंट प्रिंटर (प्लास्टिकची तार वितळवून छापणारा) असेल, तर 0.4 मिलिमीटरच्या नोझलमधून हे बारकावे नीट उतरत नाहीत, 0.2 मिलिमीटरचे नोझल लावावे आणि 45 अंशांपेक्षा जास्त झुकलेले भाग टाळावेत.

पहिल्या प्रिंटला प्रायमर लावून तो एखाद्या मिनिएचरशेजारी ठेवावा, हातभर अंतरावरून पाहावा आणि जी रेघ दिसत नाही ती मॉडेलमध्ये आणखी खोल तरी करावी, नाहीतर पुसून टाकावी.